घर कोणाच्या पायांनी निवडायचे?

प्रश्न : माझ्या यजमानांची पुण्याला बदली झाली असून १ जूनपासून त्यांना शिवाजीनगरच्या न्यायालयाजवळील कार्यालयात रुजू व्हायचे आहे. आम्ही सध्या लातूरला, गंजगोलाईपासून चालत दहा मिनिटांवर राहतो. घरात सहावीत जाणारी मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई आहेत. सासूबाईंचे गुडघे दुखतात, तरी सकाळी देवळात आणि संध्याकाळी भाजीला त्या स्वतःच्या स्वतः जातात. आमच्याकडे एक स्कूटर आहे. चारचाकी नाही आणि घेण्याचा विचारही नाही. भाड्यासाठी महिना २२ हजारांपर्यंत खर्च करू असे आम्ही ठरवले आहे.

आम्ही दोन घरे पाहून आलो. पहिले नऱ्हे भागात, महामार्गाच्या पलीकडे, मोठ्या गृहसंकुलात नवव्या मजल्यावर आहे : दोन शयनगृहे, लिफ्ट, आतच बाग, भाडे १७,००० आणि देखभाल खर्च २,५००. तिथून दोन्ही मुलांना शाळेत पोहोचवायला व्हॅनचे मिळून ४,००० रुपये लागतील, आणि मला वेगळी स्कूटर घ्यावी लागेल, तिचा हप्ता ३,००० येईल. दुसरे घर कोथरूडला, वनाज मेट्रो स्थानकापासून सात-आठ मिनिटांवर, जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे : तेवढ्याच खोल्या पण लहान, लिफ्ट नाही, भाडे देखभालीसह २३,०००. सगळे नातेवाईक पहिलेच घर घ्या म्हणतात. सासूबाई म्हणतात, "तुम्ही ठरवाल तिथे मी राहीन." आम्ही काय करावे?
— एक वाचक, लातूर

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात रकमा आहेत, मजले आहेत, अंतरे आहेत. पण मी सर्वांत जास्त वेळ थांबले ते सासूबाईंच्या त्या एका वाक्यापाशी. "तुम्ही ठरवाल तिथे मी राहीन" असे घरातील वडीलधारे माणूस म्हणते तेव्हा त्याने स्वतःची गरज मागे ठेवलेली असते, आणि म्हणूनच ती गरज आपण शोधून पुढे आणायची असते. माझे मत आधी सांगते आणि कारणे नंतर देते : नऱ्ह्याचे घर घेऊ नका, आणि कोथरूडचे ते तिसऱ्या मजल्यावरचे घरही घेऊ नका. दुसऱ्या वेळी वस्ती तुम्ही बरोबर निवडली आहे, घर मात्र चुकले आहे. त्याच वस्तीत, तळमजल्यावर, पहिल्या मजल्यावर किंवा लिफ्ट असलेल्या इमारतीत घर शोधा, आणि त्यासाठी भाड्याची मर्यादा २२ हजारांवरून २४ हजारांपर्यंत वाढवावी लागली तर निःशंक वाढवा.

मर्यादा वाढवा असे मी सहज म्हणत नाही. बँकेच्या पासबुकात भाडे एका ओळीत दिसते आणि प्रवासाचा खर्च पन्नास ठिकाणी विखुरलेला असतो, म्हणून दूरचे घर स्वस्त वाटते. तुम्हीच दिलेले आकडे आपण एकत्र मांडू. नऱ्ह्याच्या घराचे भाडे आणि देखभाल मिळून १९,५०० रुपये. तिथून शिवाजीनगर सुमारे तेरा किलोमीटर आहे. म्हणजे तुमच्या यजमानांचे रोजचे सव्वीस आणि पंचवीस दिवसांचे साडेसहाशे किलोमीटर झाले. स्कूटर लिटरला पंचेचाळीस किलोमीटर चालते असे धरले आणि पेट्रोल शंभरच्या थोडे वर धरले तर १,५०० रुपये, शिवाय टायर-ऑइल-दुरुस्तीचे सरासरी ५००. मुलांच्या व्हॅनचे ४,०००. तुमच्या नव्या स्कूटरचा हप्ता ३,००० आणि तिचे पेट्रोल ८००. सासूबाईंना दवाखान्यात, देवळात किंवा कोणाकडे जायचे तर रिक्षाच करावी लागेल, त्याचे किमान १,०००. ही बेरीज ३०,३०० रुपये होते.

आता कोथरूडचे घर पाहा. भाडे २३,०००. वनाज ते जिल्हा न्यायालय ही स्थानके मेट्रोच्या एकाच मार्गावर आहेत, गाडी बदलावी लागत नाही आणि प्रवास पंधरा-वीस मिनिटांचा आहे. जाऊन-येऊन दिवसाचे ६० रुपये असे हात सैल सोडून धरले तरी महिन्याचे १,५०० होतात. शाळा चालत जाण्याच्या अंतरावर मिळाली तर व्हॅनचा खर्च नाही. घरची स्कूटर अधूनमधून वापरली तर पेट्रोलचे ५०० आणि रिक्षाचे ५००. एकूण २५,५०० रुपये. ज्या घराचे भाडे देखभाल धरूनही साडेतीन हजारांनी जास्त आहे, ते घर महिन्याला ४,८०० आणि वर्षाला ५७,६०० रुपयांनी स्वस्त पडते. तुम्ही नवी स्कूटर घेतलीच नाही असे मानले तरी नऱ्ह्याचा खर्च २६,५०० राहतो, म्हणजे तेव्हाही तो जास्तच आहे, आणि त्या स्थितीत दिवसभर घराबाहेर पडण्याचे तुमचे साधनच नाहीसे झालेले असेल.

या हिशेबात वेळ धरलेला नाही. यजमानांचे रोजचे दोन तास सिंहगड रस्त्यावरच्या किंवा सातारा रस्त्यावरच्या गर्दीत जाणार असतील तर मुलीच्या अभ्यासाजवळ बसायला घरात कोण आणि किती वाजता असेल, हे तुम्ही दोघांनी एकदा शांतपणे बोलून घ्या.

आता मूळ मुद्द्याकडे येते. कुटुंब नव्या शहरात येते तेव्हा घर बहुतेक वेळा कमावत्या माणसाच्या कचेरीवरून ठरते. मला ही पद्धत चुकीची वाटते. कमावता माणूस कसाही जातो. त्याच्याकडे वाहन असते, ताकद असते आणि सवयही होते. वस्तीचा खरा परिणाम होतो तो घरातील ज्या माणसाला कमीत कमी चालता येते आणि ज्याला वाहन चालवता येत नाही त्याच्यावर. तुमच्या घरी अशी तीन माणसे आहेत : सासूबाई, मुलगी आणि मुलगा. ही तिघे कोणाच्या मदतीशिवाय कुठवर जाऊ शकतात, यावरून वस्ती निवडावी.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले आहे. वीस-बावीस वर्षांपूर्वी आम्ही सांगलीहून पुण्यात आलो तेव्हा मोकळी हवा आणि मोठ्या खोल्या पाहून शहराच्या टोकाला घर घेतले. सांगलीला माझी आई रोज सकाळी गणपतीच्या देवळात जायची, येताना दूध आणि फुले आणायची, वाटेत चार जणींशी बोलायची. पुण्यातल्या त्या घरापासून सर्वांत जवळचे दुकान दीड किलोमीटरवर होते आणि वाटेत ट्रक धावणारा रस्ता होता. आईने एकदाही तक्रार केली नाही. दोन वर्षांत तिचे चालणे गॅलरीपुरते उरले, आणि गुडघे दुखतात म्हणून ती चालत नाही असे आम्ही सगळ्यांना सांगत राहिलो. प्रत्यक्षात चालायला जागाच नसल्यामुळे तिचे गुडघे धरले होते. पुढे आम्ही वस्ती बदलली, पण गेलेली सवय परत आली नाही. तुमच्या सासूबाई आज लातुरात दोन वेळा बाहेर पडतात. ही त्यांच्या तब्येतीची पुंजी आहे आणि ती पुण्याला येताना सामानाबरोबर आलीच पाहिजे.

तुम्ही गंजगोलाईजवळ राहता, म्हणून चालण्याजोगी वस्ती म्हणजे काय हे तुम्हाला वेगळे समजावून सांगायला नको. सोळा रस्ते एका गोलात येऊन मिळतात आणि एका फेरीत किराणा, कापड, भांडी, औषधे सगळे होते. पुण्यात तसा गोल मिळणार नाही, पण त्याचा घरगुती नमुना मिळू शकतो. दूध, भाजी, किराणा, पिठाची गिरणी, औषधांचे दुकान, एखादा साधा दवाखाना, देऊळ, झाडाखाली बसायला बाक आणि बसचा थांबा एवढ्या गोष्टी किती अंतरात येतात ते पाहायचे. निरोगी माणूस दहा मिनिटांत सात-आठशे मीटर जातो. गुडघे दुखणाऱ्या माणसाचे दहा मिनिटांचे अंतर चारशे मीटर धरावे, आणि वाटेत चढ असेल तर त्याहूनही कमी. कोथरूडमध्ये हा चढाचा मुद्दा विसरू नका : पौड रस्ता आणि कर्वे रस्त्यालगतचा बराच भाग चालायला सोपा आहे, पण महात्मा सोसायटीसारख्या टेकडीच्या पायथ्याच्या भागांत गल्ल्या चढत जातात. नकाशावर सहाशे मीटर दिसणारे अंतर भाजीची पिशवी घेऊन चढताना वेगळेच निघते.

शाळेबाबत तर कायद्यानेच पायी अंतराचे माप दिलेले आहे. शिक्षणहक्क कायदा २००९ सालचा. त्याखालील केंद्राच्या नियमांत पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीच्या मुलांसाठी तीन किलोमीटर हे चालत जाण्याचे अंतर मानले आहे. शहरातील रहदारी पाहता सहावीच्या मुलीसाठीही मी एक-दीड किलोमीटरच्या आतच शाळा शोधीन. ती बारा वर्षांची होईल तेव्हा मैत्रिणींबरोबर स्वतः शाळेत जाऊ शकली पाहिजे. सकाळी व्हॅनमध्ये बसवलेली आणि दुपारी व्हॅनमधून उतरवलेली मुलगी नवे शहर कधी ओळखणार? मात्र सहावीत मधूनच प्रवेश मिळणे वर्गातील रिकाम्या जागांवर अवलंबून असते, म्हणून क्रम उलटा करा. आधी दोन-तीन शाळांत जाऊन जागेची चौकशी करा, शाळेचा होकार मिळवा आणि मग त्या शाळेभोवती घर शोधा. कोथरूड, कर्वेनगर, डेक्कन या भागांत जुन्या शिक्षणसंस्थांच्या मराठी आणि सेमी-इंग्रजी शाळा बऱ्याच आहेत, आणि अनुदानित शाळेची फी खाजगी शाळेच्या तुलनेत फारच कमी असते. तुमच्या अंदाजपत्रकात हा फरक मी धरलेलाही नाही. लातूरच्या शाळेतून शाळा सोडल्याचा दाखला मिळवताना मुलीची शासनाच्या ऑनलाइन प्रणालीतील नोंद नव्या शाळेकडे हस्तांतरित होईल एवढे पाहून घ्या.

नऱ्ह्याच्या घराबद्दल नातेवाईक जे सांगतात त्यात तथ्य आहे हे मी मान्य करते. लिफ्ट आहे, फाटकावर रखवालदार आहे, मुलाला खेळायला भिंतीच्या आत बाग आहे, समवयस्क सोबती आहेत. चार वर्षांच्या मुलाच्या आईला या गोष्टींचे मोल कळते. परंतु ही सगळी सोय फाटकाच्या आत आहे. फाटकाबाहेर पाऊल टाकले की महामार्ग लागतो. नवले पुलाचा तो परिसर अपघातांसाठी किती वेळा बातम्यांत आला आहे हे पुण्यात कोणालाही विचारा. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एकाच अपघातात चाळीसहून अधिक वाहने सापडली होती. घर आणि रोजच्या गरजा यांच्यामध्ये असा रस्ता असेल तर तुमच्या सासूबाई आणि मुलगी दोघीही संकुलाच्या आतच अडकतील, आणि प्रत्येक लहानसहान गोष्टीसाठी तुम्हाला स्कूटर काढावी लागेल.

पाण्याचेही पाहावे लागेल. नऱ्हे २०२१ साली पुणे महापालिकेत आलेल्या तेवीस गावांपैकी एक आहे. गावे पालिकेत आली, पण पालिकेच्या जलवाहिन्या त्या वेगाने आल्या नाहीत, आणि अशा अनेक गावांतील मोठी संकुले अजून टँकरवर आणि कूपनलिकांवर चालतात. जानेवारी २०२५ मध्ये त्याच बाजूच्या धायरी, नांदेड, किरकटवाडी या परिसरात गुलियन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, तेव्हा विहिरी आणि टँकरच्या पाण्याची तपासणी करण्याची वेळ आली होती. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी ज्या गावाने प्यायले त्या गावच्या वाचकाला पाण्याचे महत्त्व मी काय सांगावे? घरमालकाला "पाणी आहे का" असे विचारू नका, त्याचे उत्तर नेहमी होकारार्थीच येते. इमारतीच्या रखवालदाराला विचारा की एप्रिल-मे महिन्यांत दिवसाला किती टँकर येतात आणि त्यांचे पैसे देखभाल खर्चात धरलेले आहेत की वेगळे मागतात. त्या २,५०० रुपयांचे उन्हाळ्यात ४,००० झाले तर वरचा हिशेब आणखी बिघडेल.

कोथरूडच्या त्या विशिष्ट घराला मी नकार का देते, हे आता तुमच्या लक्षात आले असेल. खाली उतरल्यावर सारे काही जवळ आहे, पण उतरायचे कसे? तीन मजल्यांच्या पन्नास-साठ पायऱ्या सासूबाई दिवसातून एकदा कशाबशा करतील, दुसऱ्यांदा उतरणार नाहीत, आणि पावसाळ्यात गुडघे सुजले की महिनाभर घरातच राहतील. नऱ्ह्याला महामार्ग जे करील तेच इथे जिना करील. तुमच्या वयाला तो जिना कळणार नाही, म्हणून घर पाहताना तो मनात भरला नसेल.

जुन्या इमारतींचा आणखी एक धोका पुण्याबाहेरून येणाऱ्यांना माहीत नसतो. कोथरूड, डहाणूकर कॉलनी, सहकारनगर या भागांत १९८०-९० च्या दशकांतल्या सोसायट्यांचा पुनर्विकास मोठ्या प्रमाणावर चालू आहे. सोसायटीने विकसकाबरोबर करार केला की मूळ सभासदांना पर्यायी घराचे भाडे मिळते; भाडेकरूला मात्र केवळ घर रिकामे करण्याची सूचना मिळते, आणि ती परीक्षेच्या तोंडावरही येऊ शकते. म्हणून घर आवडले की मालकाला, आणि मालकापेक्षा सोसायटीच्या चिटणिसाला स्पष्ट विचारा की पुनर्विकासाचा ठराव झाला आहे का, विकसक ठरला आहे का. ठराव झालेला असेल तर भाडे कितीही कमी सांगितले तरी ते घर सोडा. शेजारच्या दोन इमारती आधीच पाडल्या असतील तर तेही मोजा, कारण दोन वर्षे धूळ, आवाज आणि गल्लीतून फिरणारे सिमेंटचे ट्रक असतील, आणि पदपथावर वाळू-खडी पडलेली असेल.

पदपथाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण घर पाहायला जाणारा माणूस वरच्या मजल्यांकडे पाहतो, पायाखाली क्वचितच पाहतो. पुणे महापालिकेने २०१६ साली पादचारी धोरण स्वीकारले, जंगली महाराज रस्त्यासारखे काही रस्ते चालणाऱ्यांसाठी खरोखर चांगले केले, आणि २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन पाळून लक्ष्मी रस्ता त्या दिवशी वाहनांसाठी बंद ठेवायला सुरुवात केली. या गोष्टींचा मला मनापासून आनंद आहे. पण तुम्ही जंगली महाराज रस्त्यावर राहणार नाही. तुमच्या रोजच्या वाटेवर काय आहे ते पाहायचे आहे. भारतीय रस्ते परिषदेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पदपथावर किमान १.८ मीटर रुंदीची मोकळी जागा असावी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे वीतभरापेक्षाही कमी असावी. प्रत्यक्षात त्या रुंदीत विजेचा डबा, उभ्या केलेल्या दुचाकी आणि फलक येतात, आणि उंची काही ठिकाणी गुडघ्याला जड जाईल एवढी असते. पदपथ चांगला नसेल तर ती वस्ती लगेच बाद करू नका. कोथरूड-कर्वेनगरच्या सोसायट्यांमधील आतल्या गल्ल्यांत लोक रस्त्याच्या कडेनेच चालतात, आणि गल्ली अरुंद, वळणाची, झाडांची असेल तर वाहने आपोआप सावकाश जातात. आतल्या गल्लीतून देवळापर्यंत, दूधकेंद्रापर्यंत जाता येते का आणि मोठा रस्ता किती वेळा ओलांडावा लागतो, यावर माझा भर राहील. एकही वेळा नाही, हे सर्वांत चांगले. एकदा, तेही सिग्नलवर, हे चालेल. दुभाजकाच्या फटीतून पळत जावे लागत असेल तर चालणार नाही. कोथरूडच्या बाजूची मेट्रोची स्थानके उंचावर आहेत आणि बऱ्याच ठिकाणी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उतरता येते, तिथे लिफ्टही असते. स्थानकाचा असा उपयोग होतो का तेही पाहून ठेवा.

कोथरूडला मनासारखे घर २४ हजारांत मिळाले नाही तर दुसरा पर्याय सांगते, ज्याचा तुम्ही विचार केलेला दिसत नाही. पिंपरीचे संत तुकारामनगर. पिंपरी-चिंचवडकडून स्वारगेटकडे जाणारा मेट्रोमार्ग तिथूनच जातो आणि जिल्हा न्यायालय स्थानक त्याही मार्गावर आहे, कारण दोन्ही मार्ग तिथेच एकमेकांना मिळतात. जमीन सपाट आहे, वस्ती जुनी आणि रुळलेली आहे, पालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय तिथेच आहे, आणि वल्लभनगरचे एसटी स्थानक जवळ असल्याने लातूरला जाणे-येणे सोपे होईल. भाडी कोथरूडपेक्षा साधारणपणे कमी असतात. पुण्यातील नातेवाईक "पिंपरी म्हणजे लांब" असे म्हणतील. पण तुमच्या यजमानांच्या कामाच्या जागेवरून मोजले तर मेट्रोने पिंपरी नऱ्ह्यापेक्षा जवळ आहे. तिथे मुंबई-पुणे रस्त्याच्या ज्या बाजूला शाळा आणि बाजार आहे त्याच बाजूला घर घ्या, एवढीच माझी अट आहे.

मध्य पुण्यातील पेठा चालण्यासाठी उत्तम आहेत, परंतु पाच माणसांना पुरेल असे लिफ्टचे घर तुमच्या रकमेत तिथे मिळणे कठीण आहे, म्हणून त्यात वेळ घालवू नका. कर्वेनगर चांगले आहे, मात्र तिथून मेट्रोला जायला आधी बस किंवा रिक्षा लागेल. आणि ज्या मेट्रोमार्गाचे अजून काम चालू आहे त्याच्या भरवशावर "पुढच्या वर्षी स्थानक होईल" असे सांगून कोणी घर दाखवले तर आज धावणाऱ्या गाडीवरच निर्णय घ्या.

ओढ्या-नदीकाठचे घर असेल तर पुराची चौकशी करा. सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याच्या पुराने सहकारनगर-अरण्येश्वर भागात घरे वाहून गेली, आणि जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत तळमजल्यांत पाणी शिरले. मी तुम्हाला तळमजला सुचवते आहे, त्यामुळे ही चौकशी दुप्पट आवश्यक आहे. भिंतीवरची ओल आणि नव्याने दिलेला रंग एवढा पुरावा पुरेसा नसतो. समोरच्या इस्त्रीवाल्याला विचारा, तो खरे सांगेल.

घर शोधताना दलालाकडे जाण्याआधी एक रविवार त्या गल्ल्यांमधून पायी फिरा. अनेक जुने घरमालक अजूनही फाटकावर पाटी लावतात किंवा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला सांगून ठेवतात, आणि दलालीची एका महिन्याच्या भाड्याएवढी रक्कम वाचते. निवडलेले घर किमान दोनदा पाहा : एकदा कामाच्या दिवशी सकाळी, शाळा भरण्याच्या वेळी, आणि एकदा संध्याकाळी सातनंतर, दिवे लागल्यावर. रविवारी दुपारी शांत दिसणारी गल्ली मंगळवारी सकाळी वाहनांची पळवाट झालेली असू शकते. दुसऱ्या फेरीला सासूबाईंना नक्की आणा. लातूरहून एवढा प्रवास त्यांना कशाला, असे मनात येईल. पण त्या जिथे कायमच्या राहणार आहेत ती जागा त्यांनी न पाहता ठरवू नका. त्यांना घर दाखवू नका, आधी गल्ली दाखवा. देवळापर्यंत त्यांच्या चालीने चाला, वाटेत कुठे थांबावेसे वाटते आणि तिथे टेकायला जागा आहे का ते बघा, आणि येताना त्यांनाच पुढे चालू द्या. त्या वाट चुकल्या नाहीत आणि दमल्याही नाहीत, तर तुमच्या प्रश्नाचे उत्तर तिथेच मिळाले असे समजा.

शेवटी कराराविषयी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि ती नोंदणी करून देण्याची जबाबदारी घरमालकाची आहे; नोंदणी आता घरबसल्या ऑनलाइन होते. करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. त्यात किती महिने घर सोडता येणार नाही, पूर्वसूचना किती दिवसांची आणि पुनर्विकास सुरू झाल्यास किती मुदत मिळेल, ही तीन कलमे स्वतः वाचून सही करा. कराराची सुरुवात १ जूनपासूनच ठेवा. मे महिन्यात घर मिळाले आणि मालक लगेच सुरू करा म्हणाला, तर पंधरा दिवसांचे भाडे वेगळे द्या, पण तारीख बदलू नका. १ जूनपासूनचे अकरा महिने ३० एप्रिलला संपतात, तोवर मुलीची वार्षिक परीक्षा झालेली असते, आणि वस्ती मानवली नाही असे वाटले तर दुसऱ्या घराकडे वळायला तुमच्यापाशी पूर्ण मे महिना उरतो.